नव्या पिढीचं खोकं

१

खोक्यातून जे कार्ड बाहेर आलं ते माझ्या भाचीने ओळखलं, आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू झाला. कारण ते तिचंच होतं. गेल्या महिन्यात तिने ते याच दुकानात विकलं होतं आणि आज, पूर्ण पैसे भरून, त्याच्या जागी नवं न्यायला आम्ही दोघी आलो होतो.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही परवापर्यंत कळत नव्हतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी, विटेएवढी आणि जवळजवळ विटेइतकीच जड वस्तू. पडद्यावरची चित्रं ती काढते. माझी भाची कार्टूनच्या फिल्म करते, त्यामुळे हे कार्ड म्हणजे तिची चूलच. दर दोनेक वर्षांनी कंपनी कार्डांची नवी पिढी आणते. ती येणार अशी कुजबुज सुरू झाली की जुन्याचा भाव घसरतो आणि ती आली की कोसळतोच. म्हणून शहाणी माणसं जुनं आधीच विकून मोकळी होतात आणि नवं मिळेपर्यंत हात चोळत बसतात.

मी तिला म्हटलं होतं, "अगं, जरा थांब. सुरुवातीला तोंडाला येईल तो भाव सांगतात. चार महिन्यांनी घे."

"मावशी, माझं जंगलाचं दृश्य जुन्या कार्डात मावतच नाही. अर्ध्यावर येऊन मशीन मान टाकतं. आणि फिल्म या आठवड्यात द्यायचीय. तू म्हणतेस तशी थांबले, तर काम दुसऱ्याकडे जाईल."

स्वतःच्या नावावर मिळालेलं तिचं हे पहिलं काम. मग मीच तिच्याबरोबर निघाले.

दुकानाच्या भिंतीवर पाटी होती: 'दुकानाबाहेर गेलेल्या बॉक्सबद्दल तक्रार चालणार नाही.' ती वाचली आणि माझी जुनी खोड जागी झाली. माझा उभा जन्म विमा कंपनीत गेला, लोकांच्या जळालेल्या गोदामांचे आणि भिजलेल्या मालाचे दावे तपासण्यात. सही करण्याआधी उघडून बघायचं, हा माझा धर्म.

दुकानाचा मालक, म्हणजे दोन भावांतला थोरला, गोड हसला. "काकू, सीलबंद आहे हो. घरी जाऊन आरामात उघडा."

"आराम मी घरी जाऊन करीनच," मी म्हटलं. "तुम्ही उघडा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेवटी दुरुस्तीच्या टेबलावरच्या कारागिराने सील कापलं. मेलेली कार्डं जिवंत करतो म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने कार्ड बाहेर काढलं, आणि त्याचा हात हवेतच थांबला.

"याला वीज घ्यायची जागा जुन्या पद्धतीची आहे," तो हळूच म्हणाला.

बाहेरून काही कळायची सोय नव्हती. कंपनीने काटकसर करून नव्या पिढीला जुन्याचंच कवच चढवलं होतं. तेच तीन पंखे, तेच दिवे. पण भाचीने कार्ड हातात घेऊन उलटं केलं आणि खालच्या काठावर बोट ठेवलं. तिथे लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. वस्तू परक्याच्या हाती देताना तिच्यावर आपली खूण करावी, हे तिला मीच शिकवलेलं.

"मावशी, हे माझं आहे."

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो एकदम भडकला. "तुमचं? मग नवं कुठे गेलं ते तुम्हालाच माहीत! मघाशी बॉक्स मांडीवर घेऊन फोटो काढत बसला होतात. सगळ्या गावात मला हे एकच कार्ड मिळालंय. ते सापडेपर्यंत इथून कोणी हलायचं नाही!"

त्याने खिशातला रिमोट दाबला आणि शटर खडखडत खाली आलं.

२

संतापलेल्या माणसाचं गणित ऐकण्यासारखं असतं. तिने विकलेलं कार्ड दुकानाने पुढे विकलं असणार, तिने ते कोणाकडून तरी परत मिळवलं असणार, आणि आज मांडीवर खोकं घेऊन, माझ्या नाकासमोर, दोन्हींची अदलाबदल केली असणार. जादूगार झाली नाही, उगाच कार्टून काढत बसली बिचारी.

मी आमच्या दोघींच्या पर्स काउंटरवर उपड्या केल्या. रुमाल, चष्मा, खोकल्याच्या गोळ्या. विटेएवढं काही निघालं नाही.

"झालं समाधान? उघडा आता शटर. पोलिसांनाच बोलावू."

पोलीस म्हटल्यावर थोरला जरा नरमला. त्याने रिमोट दाबला. वर कुठेतरी मोटर गुरगुरली, जळका वास आला, आणि शटर वीतभर वर जाऊन तिरकं अडकलं. डॉक्टर शिडी लावून वर चढला आणि खाली बघून म्हणाला, "मोटर गेली. साखळीने उचलावं लागेल, पण ती कडीतून निसटलीय. वेळ लागेल."

म्हणजे आता आमच्याबरोबर चोरही अडकला. मला तेवढंच बरं वाटलं.

भाचीला मात्र काहीच बरं वाटत नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती. "मावशी, जुनं मी विकलं, नवं गेलं. माझं मशीन आंधळं पडलंय. आणि वर मीच चोर." मी तिचा हात धरला. तो थंडगार होता. दुकानात एसी असा लावलेला की भाजी ठेवली तर आठवडाभर टिकली असती.

शटर उतरल्यावर ते दुकान फारच लहान दिसायला लागलं. तिन्ही भिंतींना छतापर्यंत कार्डांची खोकी रचलेली. सगळी जुन्या पिढीची, प्रत्येकावर सवलतीचं लेबल, लेबलावर दुसरं लेबल, त्यावर तिसरं. त्या खोक्यांच्या मधल्या बोळातून माणसाने तिरकं होऊनच जायचं. पुढच्या बाजूला रस्त्याकडे तोंड करून काचेची शोकेस, आणि तिच्यात एक दिमाखदार कॉम्प्युटर दिवे लुकलुकवत बसलेला, पडद्यावर डोंगर आणि तळ्याचं चित्र. त्याच्या पाठीमागे स्टुलावर एक म्हातारबाबा पाय पुढे करून बसले होते. दोन्ही भावांचे वडील. याच जागेत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. आता त्यांना काही काम नव्हतं आणि घरी करमत नव्हतं.

"शटर बंद का केलंत रे?" त्यांनी विचारलं. मग ते माझ्याकडे वळले. "माझे गुडघे आज भयंकर धरलेत. इथे कोणाला सांगायची सोय नाही. हा एसी म्हणजे माझा वैरी आहे."

"आजोबा, अंगावर घ्या नीट," मी म्हटलं. त्यांच्या मांडीवर तपकिरी शाल होती.

"घेतलीय की. मी सकाळी येऊन बसलो, तर थोरला आधीच दुकानात; त्यानेच लगेच आणून टाकली पायांवर. म्हटलं, अरे, भर उन्हाळ्यात शाल कशाला? ऐकतो थोडाच! पण तेवढा तो एकटाच माझं बघतो. धाकटा तर आज तुमच्याही मागून उगवला."

म्हाताऱ्या माणसांचं गाऱ्हाणं आपण अर्ध्या कानानेच ऐकतो. मीही तेच केलं. माझं लक्ष टेबलावरच्या रिकाम्या खोक्याकडे होतं. मी चष्मा लावून ते उलटं केलं. वरचं सील चोख होतं. खालच्या पट्टीचा गोंद मात्र एका जागी चकाकत होता, वितळून पुन्हा थिजल्यासारखा.

खोकं खालून उघडलं होतं. कोणीतरी गरम हवेने गोंद सोडवून पुन्हा चिकटवलं होतं. आणि गरम हवेची बंदूक साऱ्या दुकानात एकाच टेबलावर होती.

३

डॉक्टरला मी शिडीवरून खाली बोलावलं. पन्नाशीचा, किरकोळ बांध्याचा माणूस. बोटांना भाजल्याचे जुने डाग.

"ही हीट गन तुमची?"

"माझी. पण टेबल उघडंच असतं. कोणीही घेऊ शकतं."

"सकाळी कोणी घेतली होती?"

"मी यायच्या आधीचं मला काय माहीत?"

"बरं. माझ्या भाचीने विकलेलं कार्ड कोणी घेतलं होतं?"

"मीच. जुना माल मीच बघतो."

"मग पुढे त्याचं काय झालं?"

तो घुटमळला. "त्या शेल्फवर ठेवलं होतं."

मी शेल्फकडे पाहिलं. तिथे वापरलेली कार्डं ओळीने उभी होती आणि ओळीसमोरच्या फळीवर धुळीचा सलग थर होता. महिन्याभरात तिथून कोणी कार्ड उचललं असतं, तर ती धूळ अशी राहिली नसती. मी बोटाने रेघ ओढून ती त्याला दाखवली.

"डॉक्टर, मला खोटं बोलणारी माणसं खूप भेटलीत. तुम्हाला सवय नाही. बोलू नका."

त्याने मान खाली घातली. "मावशी, जुनं कार्ड आलं की मी लगेच विकत नाही. आधी राबवून बघतो. चार आठवडे दिवसभर पळालं, की मगच गिऱ्हाइकाला देतो. नाहीतर लोकांचे शाप लागतात."

"आणि कुठे राबवता?"

त्याची नजर क्षणभर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि झटकन परत आली. "इथेच. कुठेतरी."

"डॉक्टर!"

"मी या घरचं अन्न खाल्लंय, मावशी. आजोबांनी हाताला धरून काम शिकवलं मला. तुम्ही मला चोर म्हणा हवं तर. यापुढे मी बोलणार नाही." आणि तो पुन्हा शिडी चढून गेला.

भाचीने माझ्या कानाशी तोंड आणलं. "त्यानेच केलंय का गं?"

मी उत्तर देणार इतक्यात बाहेरून शटरवर दणादण थापा पडल्या.

४

"अहो, उघडा! वस्तू न्यायला आलोय!" बाहेरचा आवाज जाड आणि घाईत होता. "दुपारचं ठरलं होतं ना? बंद काय करून बसलात?"

मी शटरजवळ जाऊन ओरडले, "कोणाशी ठरलं होतं हो?"

बाहेर पावलं वाजली आणि लांब गेली.

म्हणजे कार्डाला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं होतं. आणि थापा पडल्या तेव्हा आपली सॅक छातीशी धरून उठून उभा राहिला होता तो धाकटा. पंचविशीचा, दाढी राखलेला, आल्यापासून गप्प.

"मघाशी आमचं खोकं ज्या कपाटातून काढलं, त्याची किल्ली तुझ्याकडेही असते का रे?" मी त्याला विचारलं.

"एक माझ्याकडे, एक दादाकडे. बॉक्स काल संध्याकाळी आला, तेव्हा दोघांनी मिळूनच ठेवला."

"आणि त्या कार्डाचा आजचा बाहेरचा भाव काय आहे?"

"दुप्पट," तो चटकन म्हणाला. "पहिल्या दिवशी तेवढाच असतो. माल थोडा, हावरे फार. दोन महिन्यांनी कोणी विचारणार नाही."

"तुला बरंच माहितीय."

"धंदाच आहे आमचा."

"सॅक दाखव," थोरला मध्येच गरजला. त्याच्या आवाजात मला एक चमत्कारिक उत्साह जाणवला. "यांच्या पर्स बघितल्या, याचीच राहिलीय. दाखव रे!"

"दादा, नको."

"दाखव म्हणतो ना!"

धाकट्याने सॅक आणखी घट्ट धरली. थोरल्याने ती हिसकावली, चेन ओढली आणि काउंटरवर झटकली. आतून घडी केलेला एक निळा शर्ट पडला. खिशावर गावाबाहेरच्या त्या भल्यामोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचं चिन्ह, आणि त्याला टोचलेली धाकट्याच्या नावाची पट्टी.

थोरल्याने शर्ट उचलून पट्टीवरचं नाव वाचलं.

"नोकरी धरलीस?" थोरल्याने विचारलं. "त्यांच्याकडे?"

"सोमवारपासून." धाकट्याचे डोळे भरून आले होते. "दादा, मला नाही जमत इथे. दर वेळी तेच. नवी पिढी येणार म्हणून गिऱ्हाईक थांबतं, आणि आपण मात्र जुनी भरून ठेवतो. भाव पडला की लेबलं चिकटवतो. या खोक्यांमधून जाताना आता मला श्वास लागतो रे. कितीदा सांगितलं तुला, नको भरू."

थोरला मटकन खुर्चीवर बसला. मला त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू! पण कीव आली म्हणून कार्ड सापडत नसतं.

आणि मग भाची, जी इतका वेळ रिकाम्या खोक्यात हात घालून चाचपत होती, म्हणाली, "मावशी, यातली छोटी वायरपण नाहीये गं."

५

"कसली वायर?" मी विचारलं.

"कन्व्हर्टर. नवं कार्ड एकाच जाड पिनेतून वीज घेतं. आपल्याकडची मशीनं जुनी, त्यांच्या पिना वेगळ्या. म्हणून प्रत्येक बॉक्समध्ये कंपनी एक जोडवायर देते. तिची पुडी फोडलेली आहे आणि वायर गायब आहे."

माझ्या डोक्यात काहीतरी खट्कन जागेवर बसलं. मी स्टूल ओढून बसले.

"सगळे ऐका," मी म्हटलं. "ज्याला कार्ड विकायचंय तो ती वायर खोक्यातच ठेवील. खोकं भरलेलं दिसायला हवं ना? घरी गेल्यावरही आम्हाला लगेच कळू नये म्हणून त्याने आत हुबेहूब दिसणारं कार्ड ठेवलं, वजन जमवलं, सील चिकटवलं. एवढा सावध माणूस फुटकळ वायर का काढेल? एकाच कारणासाठी. त्याला ती लागली. म्हणजे नवं कार्ड त्याने लपवलेलं नाही. लावलंय. एका जुन्या मशीनमध्ये, याच दुकानात."

शिडीवर डॉक्टरच्या हातातून पाना निसटून खाली पडला.

"पण कुठे लावणार?" धाकटा म्हणाला. "चालू मशीन तर..." आणि तो थांबला.

आम्ही सगळे शोकेसकडे बघत होतो.

"डॉक्टरांनी मला सांगितलं नाही, पण त्यांची नजर तिकडेच गेली होती," मी म्हटलं. "विकत घेतलेलं जुनं कार्ड ते त्या मशीनमध्ये राबवतात. माझ्या भाचीचं तिथेच होतं. चोराला खोक्यात ठेवायला तसंच दिसणारं कार्ड हवं होतं. भिंतीवरची सगळी सीलबंद, शेल्फवरची वेगवेगळ्या कंपन्यांची. हुबेहूब असं एकच. ते काढलं आणि त्याला नवी अडचण आली. काचेतून ती रिकामी जागा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली असती. म्हणून तिथे नवंच बसवून टाकलं. कवच सारखं, दिवे सारखे, कोणाला कळतंय? गिऱ्हाईक आलं की हळूच काढून द्यायचं. ते कार्ड कोणाचं होतं याचा मात्र त्याला पत्ता नव्हता. लाल ठिपका बघून तो आमच्यापेक्षाही जास्त हादरला."

डॉक्टर खाली उतरला, त्याने शोकेसमधल्या मशीनची काच काढली आणि तो आत वाकला. दिव्यांच्या प्रकाशात एक नवीकोरी जोडवायर दिसली. भाचीच्या तोंडून हुंदका फुटला.

"आता कोणी केलं ते सांगा," धाकटा म्हणाला.

मला ते सांगायचं नव्हतं. पण माझी भाची चोर ठरत होती.

"गेल्या महिन्यात कार्ड विकायला हिच्याबरोबर मी इथे आले, तेव्हा या पडद्यावर रंगीत मासे पोहत होते. रस्त्यावरची पोरं काचेला नाक लावून बघायची. आज आत येताना पाहिलं तर डोंगर आणि तळ्याचं एक नुसतं चित्र. मला वाटलं, बदललं असेल. डॉक्टर, नवं कार्ड लावलं की मासे आपोआप पोहतात का?"

"नाही. त्याला नवं सॉफ्टवेअर घालावं लागतं. नाहीतर ते नुसतं साधं चित्र दाखवतं."

"तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही केलं असतं, तर मासे पोहले असते. ज्याने केलं त्याला स्क्रू फिरवता येतो, पण हे आताचं ठाऊक नाही. त्याने खटपट केली, जमलं नाही, म्हणून वेळ मारून न्यायला एक चित्र लावून दिलं. धाकटा तर आज आमच्या मागून आला. आणि आजोबांनी केलं असतं, तर सकाळपासून स्वतःच्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगत बसले नसते."

"माझ्या गुडघ्यांचा काय संबंध?" आजोबांनी विचारलं.

६

"आजोबा, तुम्ही रोज इथेच बसता ना? या मशीनच्या मागे?"

"रोज. हिच्या पाठीतून गरम वारा येतो. शेक मिळतो फुकटचा. आजच मेली थंड पडलीय."

"मासे पोहवायला कार्डाला राबावं लागतं, आणि राबलं की ते तापतं. आज ते नुसतं बसून आहे, म्हणून ऊब नाही. हे कार्ड बदललं तेव्हा इथे एकच माणूस होता, आणि आज तुम्हाला शेक मिळणार नाही, हे त्या एकट्याला माहीत होतं." मी शालीकडे बोट केलं. "भर उन्हाळ्यात, तुम्ही मागितली नसताना, त्याने आधीच शाल आणून पायांवर टाकली."

आजोबांनी मांडीवरच्या शालीकडे पाहिलं. मग मान वळवून थोरल्याकडे पाहिलं. तो लपवू शकला असता, भांडू शकला असता; माझ्याकडे शालीपलीकडे काय पुरावा होता? पण वडील बघत होते आणि त्याला ते सोसलं नाही.

"काल नव्या कार्डांचा भाव जाहीर झाला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बाबा, मी झोपलो आणि उठलो, तेवढ्यात या तिन्ही भिंती अर्ध्या किमतीच्या झाल्या. मी कुणाला फसवलं नव्हतं कधी. वाटलं, एकच कार्ड. या ताई भरपूर कमावतील पुढे. एकदाच करावं आणि सुटावं." त्याने तोंड हातांत लपवलं. "तुमचे पाय गार पडतील, एवढंच सकाळी डोक्यात आलं."

"म्हणजे तू तिला चोर ठरवणार होतास," आजोबा म्हणाले.

"ठिपका दिसला आणि सुचेल ते बोललो."

आजोबा स्टुलाचा आधार घेत उठले. त्यांनी शाल काढली, नीट चौघडी केली, कडेला कड जुळवली. मग खोक्यांमधल्या बोळातून तिरके होत थोरल्याजवळ गेले आणि ती त्याच्या मांडीवर ठेवली.

"घे. मला नको."

मी पुष्कळ चोर पकडलेत. कोणाला इतकी शिक्षा झालेली मी पाहिली नव्हती.

डॉक्टरने अखेर साखळी कडीत बसवली आणि धाकट्याने ती ओढायला सुरुवात केली. शटर इंचाइंचाने वर जाऊ लागलं, खालून ऊन आत सरकलं, गरम हवा आली. एसीत गारठलेल्या माझ्या पावलांना ती फार बरी वाटली. बाहेर कोणी नव्हतं.

पोलिसांचं काय करायचं ते मी भाचीवर सोडलं. तिच्या जागी मी असते, तर त्याला सोडलं नसतं, हे स्पष्ट सांगते. ती थोरल्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला चोर म्हणालात ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण आज मला माझं कार्ड द्या. माझं जंगल राहिलंय."

डॉक्टरने नवं कार्ड उतरवलं, वायरीसकट पुसून खोक्यात घातलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते तान्ह्या पोरासारखं उराशी धरलं.

"आणि ती पाटी काढ भिंतीवरची," आजोबांनी धाकट्याला सांगितलं. "सोमवारी जा तिकडे. पण ती आज काढून जा."

धाकट्याने पाटी काढली. तिच्यामागे भिंतीचा चौकोन वेगळ्याच रंगाचा निघाला. शोकेसमध्ये आता कार्डाची जागा रिकामी होती आणि डॉक्टर हातात लाल ठिपक्याचं कार्ड घेऊन घुटमळत उभा होता. "आजोबा, आता इथे काय लावू? भिंतीवरचं एखादं फोडू का? पडूनच आहेत."

"तुझ्या हातात आहे तेच लाव."

"ते जुनं आहे हो, आजोबा," भाची म्हणाली. "फार तापतं."

"मग तर बरंच," म्हणत आजोबा परत स्टुलावर जाऊन बसले आणि त्यांनी पाय पुढे केले.